डावा तुकडा, उजवा तुकडा

ती. आई-बाबांस,

सा. न. वि. वि.

परवा फोनवर आईने विचारलं, "झाला का तुझा तो राक्षस पुरा?" मी नुसतं "झाला" म्हणाले आणि विषय बदलला. आवाज सारखा तुटत होता, आणि मला तर सगळं पहिल्यापासून सांगायचं होतं. खेळासाठी मी रचलेल्या त्या राक्षसात तुम्ही दोघं आहात. हे फोनवर घाईघाईत सांगायला नको वाटलं, म्हणून पत्र लिहायला बसले.

बाबा, तुम्ही मागे विचारलं होतं की पट नाही, सोंगट्या नाहीत, मग हा बैठा खेळ कसला. सांगते. आम्ही पाचजण टेबलाभोवती बसतो. चौघं एकेक पात्र घेतात: कुणी योद्धा, कुणी मांत्रिक. उरलेलं सगळं जग माझ्याकडे, म्हणजे वाटा, पाऊस, भेटणारी माणसं आणि शत्रू. आपलं पात्र काय करणार ते खेळाडू बोलून सांगतो, आणि ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' अमेरिकेत छापून आला, तिथून या प्रकाराची सुरुवात. लढाई लागली की वेळ सहा सहा सेकंदांच्या राउंडमध्ये मोजायचा, त्यात प्रत्येकाची एक पाळी. कुणाच्या अंगात किती तग आहे त्याचा एक आकडा असतो, त्याला हिट पॉइंट्स म्हणतात. तो शून्यावर आला की पडला.

मला जन्मलेला राक्षस नको होता, घडवलेला हवा होता. खेळात अशांना कन्स्ट्रक्ट म्हणतात: माती, दगड किंवा लोखंडाचा पुतळा, त्यात मंत्राने हालचाल भरलेली. त्याला विष चढत नाही, भीती वाटत नाही, तो थकत नाही. कुणीतरी एका कामाला लावून दिलेलं असतं, ते काम तो करत राहतो. माझा पहारेकरी असा तीनशे वर्षं एका दारापुढे उभा आहे. आता तीनशे वर्षं उभा आहे म्हणजे मोडतोड होणारच. मग त्याची डागडुजी कोण करतं? तोच. माझ्या कल्पनेची सुरुवात एवढीच होती.

तयार नियमांमध्ये आपोआप भरून येणारे प्राणी आहेत. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४च्या नियमांतला ट्रोल नावाचा राक्षस घ्या. ८४ हिट पॉइंट्स, आणि आपली पाळी आली की १० परत मिळतात. आगीने किंवा आम्लाने भाजला तर मात्र पुढच्या पाळीला काही मिळत नाही. शील्ड गार्डियन नावाचा एक घडीव रक्षक आहे, १४२ पॉइंट्सचा, त्यालाही दर राउंडला १०. लोखंडी गोलेम म्हणजे लोखंडाचा घडीव पुतळा, त्याचं तर आणखी वेगळं, आगीचा मारा केला की तो उलट बरा होतो. मी आधी हाच रस्ता धरला. माझ्या पहारेकऱ्याला ९० पॉइंट्स दिले, दर राउंडला १० परत, आणि रविवारी चौघांपुढे उभा केला.

ती दुपार फुकट गेली. नेम चुकणं वगैरे धरून चौघांचा मिळून राउंडला साधारण २२चा मारा पडत होता. नुसते ९० असते तर पाच राउंडमध्ये काम संपलं असतं. दहाची भर धरली की सात लागतात. सातही चालले असते. पण तिसऱ्या राउंडला दोघं पडले, मारा ११वर आला आणि भर दहाचीच राहिली. म्हणजे राउंडला एक पॉइंट! तुम्ही दुबळे झालात तरी त्याचं भरून येणं तेवढंच राहतं, आणि म्हणून ज्या घडीला लढाई रंगायला हवी त्याच घडीला ती गाळात रुतते. नियमपुस्तकात अशा भरण्याचा हिशेब तीन राउंडचा धरलाय, म्हणजे १० परत मिळत असतील तर राक्षस ३० पॉइंट्सनी मोठा समजायचा. लढाई तीन राउंडच्या आत आटोपली तर तो हिशेब बरोबर आहे. लांबली की त्याला काही अर्थ उरत नाही.

पण आकड्यांपेक्षा मला दुसरंच खटकलं. योद्धा खेळणाऱ्या मुलाने हातोड्याचा सुंदर घाव घातला, मी वर्णन केलं की खांद्याला तडा गेला, आणि पुढच्याच पाळीला तो तडा नाहीसा. कशाने भरला? कुठून आलं ते सामान? माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या मुलाने पुढचा फासा टाकताना टेबलाकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्या आठवड्यात मी बरंच वाचलं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या विद्यापीठात हेंक योंकर्स यांनी स्वतःच्या भेगा भरणारं काँक्रीट तयार केलंय. त्यात एका जिवाणूचे बीजाणू आणि त्यांचं खाद्य मिसळून ठेवतात. भेग पडली, पाणी आत शिरलं, की झोपलेले जिवाणू जागे होतात आणि चुनखडी तयार करून भेग बुजवतात. बाबा, तुम्हाला हे फार आवडेल. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटली: खाद्य आधीच मोजून घातलेलं असतं. ते संपलं की दुरुस्ती संपली. आणि बुजते ती बारीक भेग, तुटून पडलेला खांब काही परत उभा राहत नाही.

मग बाबा, मला तुमचा तो राखाडी स्वेटर आठवला.

कोपराला भोक पडलं होतं आणि तुम्ही कुणाला हात लावू दिला नव्हता. बाहीत स्टीलचा पेला घालून, खिडकीपाशी बसून, आधी उभे धागे ओढलेत आणि मग त्यांच्यातून एकावर एक, एकाखाली एक असे आडवे विणलेत. मी शेजारी बसून दोरा संपेपर्यंत टाके मोजत होते. रफू इतका घट्ट झाला की बोटाने दाबला तरी दबत नव्हता. पुढच्या थंडीत तो स्वेटर फाटला, पण रफूला धक्का लागला नाही, रफूच्या काठाला लागूनच फाटला. तेव्हा तुम्ही म्हणालात, "जोड कापडापेक्षा ताठ झाला, मग ताण शेजाऱ्यावर येणारच." मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. प्लास्टर काढल्यावर तुमचं मनगट नळ फिरवताना अर्ध्यावर अडायचं, तेव्हाही मला तो रफूच आठवला होता. बोलले नव्हते.

आता पहारेकऱ्याचे नवे नियम. एका घावात १२ किंवा जास्त मार बसला की त्याच्या अंगाचा एक तुकडा निखळून शेजारी जमिनीवर पडतो. आपोआप काहीच भरत नाही. त्याला वाकून तो तुकडा उचलावा लागतो, जागेवर बसवावा लागतो, आणि त्यात त्याची अख्खी पाळी जाते, म्हणजे त्या राउंडला तो कुणाला मारू शकत नाही. बसवला की १५ पॉइंट्स परत. पण प्रत्येक जोडाला त्याचं कवच एकाने वाढतं आणि चाल पाच फुटांनी कमी होते. वीस बाजूंच्या फाशावर कवचाचा एक आकडा म्हणजे घाव लागण्याची शक्यता पाच टक्क्यांनी घटली. चाल तीस फुटांची आहे, तेव्हा सहा जोडांनंतर ती शून्यावर येते आणि कवच १५चं २१ होतं. मग तो नुसता खांब. त्याला फोडणं जवळपास अशक्य, पण त्याच्या हाताच्या टप्प्याबाहेरून चालत जायला तुम्ही मोकळे!

हे लिहून झालं त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता. कारण आता खेळाडूंना करण्यासारखं काहीतरी होतं. तुकडा लाथेने उडवता येतो, ओढून नेता येतो, त्याच्यावर बसूनही राहता येतं.

तरी एक कमी होतं, आणि ते आईकडून आलं. आई, जरासंधाची गोष्ट तू मला किती वेळा सांगितलीस! दोन राण्यांना अर्धं अर्धं मूल होतं, ती शकलं टाकून देतात, जरा राक्षसी ती उचलून एकत्र धरते आणि मूल रडायला लागतं. पुढे भीम त्याला उभा चिरतो आणि चिरलेले भाग पुन्हा जुळतात. मग कृष्ण एक काडी घेतो, उभी चिरतो आणि डावा तुकडा उजवीकडे, उजवा डावीकडे टाकतो. मी दर वेळी विचारायचे, "भीमाला स्वतःला का नाही सुचलं?" आणि तू म्हणायचीस, "दमलेल्याला नाही सुचत ग, बघणाऱ्याला सुचतं."

म्हणून माझ्या पहारेकऱ्याचं डावं अंग काळ्या दगडाचं आहे आणि उजवं तांबूस. एका अंगाचा तुकडा दुसऱ्या अंगाला धरत नाही. हे खेळाडूंना सांगायचं नाही, पण दिसू मात्र द्यायचं. त्याच्यापर्यंत जाणाऱ्या बोळात मी पावलं ठेवली: धुळीत एक काळं, एक तांबूस, एक काळं, एक तांबूस. खूण आधी दाखवली नाही तर ती फसवणूक होते, आणि मला माझ्या माणसांना फसवायचं नव्हतं.

गेल्या रविवारी पुन्हा बसलो. दुसऱ्याच राउंडला मांत्रिक पडली. ती खेळणारी मुलगी एरवी सगळ्यांत जास्त बोलते, पण पात्र बेशुद्ध असेल तर सल्ला द्यायचा नाही असा आमचा कडक नियम आहे. ती खुर्चीत मागे टेकून नुसती बघत होती. हातोड्याने डावा हात निखळला. पहारेकरी वाकला, उचलला, बसवला. पुन्हा निखळला. पुन्हा वाकला. मी बघितलं, तिने हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि ती एकदम सरळ बसली. तिला सुचलं होतं! आणि बोलता येत नव्हतं. पूर्ण एक राउंड ती ओठ दाबून बसली. शेवटी वैद्याने औषध पाजून तिला उठवलं, तेव्हा तिचं पहिलं वाक्य होतं, "उजवा हात तोडा आणि त्याच्या डाव्या पायाशी टाका. काळे तुकडे इकडे द्या."

आई, तुझं वाक्य जसंच्या तसं खरं ठरलं, आणि तिला ते वाक्य माहीतही नव्हतं.

मग पहारेकऱ्याने तांबूस हात उचलला आणि डाव्या खांद्याला लावला. धरेना. पडला. त्याने परत उचलला, परत लावला. मी वर्णन करत होते की त्याच्या अंगावरचे सगळ्यांत जुने जोड किती नितळ आहेत, नख फिरवलं तर अडकणार नाही, ते त्याला घडवणाऱ्याच्या हातचे. आणि नंतरचे ओबडधोबड, कारण ते त्याने स्वतःच एका हाताने केलेले. तिसऱ्यांदा हात पडला तेव्हा योद्ध्याची पाळी होती. त्या मुलाने फासा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. म्हणाला, "मी मारत नाही. काळा तुकडा त्याच्याकडे सरकवतो आणि आम्ही दाराकडे जातो." बाकीच्यांनी लगेच होकार दिला.

असं काही होईल याची तरतूद मी केलीच नव्हती. दोन मिनिटं गप्प राहून मी ठरवलं की तो तुकडा घेईल, जोडेल आणि बाजूला सरकेल. दाराआड रिकामी कार्यशाळा होती, भिंतीवर हत्यारं ओळीने टांगलेली, आणि घडवणारा कधीच गेलेला.

आता मला त्या घडवणाऱ्याची गोष्ट लिहायची आहे आणि तिथे मी अडले आहे. आई, जरेने ते मूल राजाला परत नेऊन दिलं, स्वतःकडे ठेवलं नाही. तू तेव्हा तिच्या तोंडी काहीतरी घालायचीस, ते मला काही केल्या आठवत नाही. लिहून पाठव. आणि बाबा, रफू करताना दर ओळीच्या टोकाला तुम्ही दोऱ्याचा छोटा फास सैल सोडायचात, तो कापडाला ताणायला वाव राहावा म्हणूनच ना? तसं असेल तर घडवणाऱ्याच्या हातच्या जोडाने चाल कमी होता कामा नये, फक्त पहारेकऱ्याच्या स्वतःच्या जोडाने व्हावी. तेवढं कळवा म्हणजे मी नियम बदलते.

पंधरा दिवसांनी येतेच आहे. येताना फासे आणते, मोठ्या आकड्यांचे घेतलेत, चष्मा शोधावा लागणार नाही. हातोडा आईसाठी राखून ठेवलाय.

तुमची,
धाकटी