दाणे ठेवा म्हणता, खालचं कोण झाडणार तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

होळी होऊन ऊन तापायला लागलं की तुमच्या पेपरात एक फोटो हमखास येतो, गॅलरीत टांगलेला फीडर, त्यावर दोन चिमण्या आणि खाली 'पक्ष्यांसाठी दाणा-पाणी ठेवा' असं आवाहन. 20 मार्चचा चिमणी दिवस तर आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीच्या पुढाकाराने 2010 पासून साजरा होतोय, त्यामुळे आम्हा नाशिककरांना त्याचं जास्तच अप्रूप. मीही तसाच फोटो बघून चार वर्षांपूर्वी फीडर टांगला. आवाहन चांगलंच आहे, पण तो टांगायचा कुठे, त्यात घालायचं काय, आणि मुख्य म्हणजे खाली जो पसारा होतो तो आवरायचा कोणी, हे त्या फोटोखाली छापलेलं मी आजपर्यंत वाचलं नाही. त्यापायी माझ्या हातून जे झालं ते दुसऱ्या कोणाच्या हातून होऊ नये म्हणून हे पत्र लिहितेय.

आमचं रो-हाऊस आहे, मागे छोटीशी बाग, एक आंबा, कढीपत्ता, जास्वंद, आणि कंपाउंडच्या भिंतीपलीकडे शेजारच्या काकूंचं अंगण. मी ऑनलाइन एक फीडर मागवला, सोबत मिक्स दाण्यांचं पाकीट आलं, गहू, मक्याचा भरडा, ज्वारी, बाजरी, राळा असं सगळं एकत्र, आणि तो आंब्याच्या भिंतीकडे झुकलेल्या फांदीला अडकवला. आठवड्याभरात चिमण्या आल्या, मागोमाग मुनिया आल्या, घरात सगळ्यांना इतका आनंद झाला की सकाळचा चहा मागच्या दारात बसूनच व्हायला लागला. तिथे बसल्यावर लक्षात आलं की चिमणी चोच आत घालते, गहू लागला की मान झटकून बाहेर फेकते, परत चोच घालते, मक्याचा तुकडा लागला की तोही फेकते, तिला हवी असते बारीक बाजरी नाहीतर राळा, आणि तेवढ्यासाठी ती बाकीचं सगळं उपसून खाली टाकते. संध्याकाळपर्यंत फरशीवर दाणे आणि टरफलांचा थर. मी म्हणायचे, असू दे, खारी खातील.

खारींनी खाल्लं, पण पंधरा दिवसांत पारवेही, म्हणजे आपली नेहमीची कबुतरं, आले. आधी चार, मग दहा, मग भिंतीवर मावेनात इतके. चिमण्या यायच्या कमी झाल्या आणि मी उलट दाणे वाढवले, चिमण्यांना पुरत नसतील म्हणून!

एक दिवस काकू ताट घेऊन आल्या. ताटात उडदाचे पापड, वाळत घातलेले, आणि त्यावर पारव्यांची घाण. भांडायला आल्या नव्हत्या. म्हणाल्या, "अगं, तुझ्या चिमण्यांचं मला कौतुकच आहे, पण हे बघ, आणि ह्यांना रात्रभर खोकला येतोय गं." काकांना दम्याचा जुना त्रास आहे. त्या गेल्यावर मला इतकी लाज वाटली की त्याच दिवशी फीडर काढून ठेवला.

2025 च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून केवढा गदारोळ झाला, कोर्टापर्यंत गेलं, ते तुम्हीही छापलंत. त्यातला धर्म, राजकारण बाजूला ठेवू, पण पारव्यांची वाळलेली विष्ठा आणि पिसांचा भुगा श्वासातून जात राहिला तर काही लोकांच्या फुप्फुसांना कायमची इजा होऊ शकते हे छातीचे डॉक्टर सांगतातच. माझ्या भिंतीवर एक छोटा कबुतरखानाच तयार झाला होता आणि त्याचा त्रास भोगत होते काका, ज्यांनी एक दाणाही टाकला नव्हता.

माझं आजोळ सिन्नर तालुक्यातलं. तिथे ओसरीच्या वाशाला बाजरीची कणसं बांधून ठेवायचे, चिमण्या दिवसभर लोंबकळून खायच्या आणि कचऱ्याबद्दल कोणी बोलल्याचं मला आठवत नाही. खूप विचार केल्यावर लक्षात आलं की तिथे अंगण दोन वेळा झाडलं जायचं आणि सांडलेला दाणा कोंबड्या वेचून संपवायच्या. आपण फक्त कणसाची आठवण शहरात आणली, कोंबड्या आणि झाडू तिकडेच राहिले, मग त्यांची जागा इथे पारवे आणि घुशींनी घेतली. हो, घूसही आली होती, तुळशीच्या कट्ट्याखाली बीळ करून, आणि पावसाळ्यात घुशी-उंदरांच्या मुतातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप येतो म्हणून आम्ही मुलांना महिनाभर मागे खेळू दिलं नाही.

सगळ्यात वाईट वाटलं ते होल्याचं, पारव्याच्याच जातीतला तो छोटा पक्षी. फीडर काढण्याच्या काही दिवस आधी एक होला खाली बसून होता, पिसं फुगवलेली, डोळे अर्धे मिटलेले, चोचीभोवती ओलं. दाणा उचलायचा आणि गिळता न आल्यामुळे परत खाली टाकायचा, तोच दाणा, चार-पाच वेळा. हातात घेतला तरी उडाला नाही. ओळखीच्या व्हेटकडे नेला तर त्यांनी चोच उघडून घशातला पिवळसर थर दाखवला, म्हणाले हा पारव्या-होल्यांना होणारा आजार आहे, आजारी पक्ष्याने टाकलेला ओला दाणा आणि पिण्याचं पाणी यांतून दुसऱ्याला लागतो. मग विचारलं, फीडर शेवटचा कधी धुतला होता? मी एकदाही धुतला नव्हता. होला रात्रीच गेला.

चार-पाच महिन्यांनी वाचून, विचारून परत सुरू केलं ते असं. मिक्स पाकीट बंद, फक्त बाजरी आणि राळा, तेही सकाळी मूठभरच, दहा-साडेदहापर्यंत संपेल एवढं, संपलं की दुसऱ्या दिवशीच. सांडणंच इतकं कमी झालं की निम्मा प्रश्न तिथे सुटला. फीडरभोवती दीड इंचाच्या चौकोनांची जाळी गोल करून लावली, चिमणी-मुनिया आत जातात, पारव्याला जाता येत नाही. खाली जुनी मोठी परात तारांनी टांगली, सांडलेलं त्यात पडतं आणि रोज संध्याकाळी ते काढते, म्हणजे रात्री घुशीला काही मिळत नाही. फरशी कोरडी झाडायची नाही, आधी पाणी शिंपडायचं, तोंडाला मास्क लावायचा, मग पुसायचं, नाहीतर तोच भुगा उडून आपल्या नाकात जातो. दर दोन आठवड्यांनी फीडर गरम पाण्याने घासून, घरातल्या ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग अशा पाण्यात दहा मिनिटं बुडवून, स्वच्छ धुऊन उन्हात खडखडीत वाळवते, वाळल्याशिवाय दाणे भरत नाही. आजारी पक्षी दिसला तर दोन-तीन आठवडे दाणे आणि पाणी दोन्ही बंद, म्हणजे तिथे गर्दी होत नाही.

जागाही बदलली. आता भिंतीपासून लांब आहे, आणि झुडपांपासून आठ-दहा फूट, कारण मांजर जास्वंदीआड दबा धरून बसायचं. काचेचं मात्र मला खूप उशिरा कळलं. फीडर खिडकीपासून एकतर 3 फुटांच्या आत हवा, म्हणजे पक्षी दचकून उडाला तरी त्याला जोर पकडायला वाव नसतो, नाहीतर 30 फुटांच्या पलीकडे, मधल्या अंतरात तो काचेत दिसणाऱ्या झाडाकडे पूर्ण वेगात जातो. आमच्या किचनच्या काचेवर बुलबुल आपटला त्याचा आवाज अजून कानात आहे.

पाण्याच्या परळाचंही तेच. रोज नुसतं पाणी बदलून भागत नाही, कडा काथ्याने घासाव्या लागतात, डेंग्यूच्या डासाची अंडी कडेलाच चिकटतात. पावसाळ्यात मी फीडर उतरवूनच ठेवते, ओल्या बाजरीला बुरशी येते आणि तेव्हा बाहेर किडे-अळ्या भरपूर असतात. चिमणी पिल्लांना तर दाण्यापेक्षा अळ्याच जास्त भरवते, म्हणून बागेत औषध फवारणंही बंद केलंय, कढीपत्त्यावर अळ्या पडल्या तर पडू देत. पाव, फरसाण, उरलेला मीठ घातलेला भात यातलं काही ठेवत नाही, घरी येणारे पाहुणे प्रेमाने टाकायला जातात, त्यांना हात धरून थांबवते.

तर माझी विनंती एवढीच की यंदा ते आवाहन छापाल तेव्हा फोटोखाली चार ओळींची जागा काढा. मूठभर बाजरी, मिक्स नको. रोज खालचं पाणी शिंपडून पुसा आणि पाण्याचं भांडं घासा. पंधरा दिवसांनी फीडर धुवा. पारवे जमायला लागले तर लगेच बंद करा. आणि टांगायच्या आधी खाली किंवा शेजारी कोण राहतं, त्यांच्या घरी दम्याचं कोणी आहे का, कपडे-पापड कुठे वाळतात, एवढं विचारून घ्या. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी तर ही शेवटची ओळ सगळ्यात वर घाला. ज्यांना रोज एवढं करणं जमणार नाही त्यांनी नुसतं स्वच्छ पाणी ठेवावं, किंवा कुंडीत जास्वंद लावावी, फुलांतला मध पिणारा छोटा शिंजीर पक्षी आपोआप येतो आणि त्याच्या मागे काही झाडावं लागत नाही.

काकूंनी परवा कुरडया घातल्या होत्या, भिंतीलगतच. फीडरवर तेव्हा अकरा चिमण्या होत्या, त्यांनीच मोजून सांगितल्या.

आपली,
एक वाचक, नाशिक