फॉरमॅट न मारता संगणक ताळ्यावर आणून देणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

एखाद्या अपडेटनंतर आवाज गेला, वाय-फायचं चिन्हच गायब झालं, की आजूबाजूच्या सगळ्यांचं उत्तर ठरलेलं असतं: ‘फॉरमॅट मारून टाक.’ तुम्ही तसं म्हटलं नाहीत, म्हणून हे पत्र. तुमच्या पायऱ्या इथे उघडपणे मांडतो, म्हणजे आभारही पोचतील आणि आणखी कुणाचं विंडोज उगाच पुसलं जाणार नाही.

काहीही काढण्याआधी तुम्ही बिघाडाचा कोड वाचायला लावलात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली सगळ्या उपकरणांची यादी) पिवळ्या त्रिकोणावर डबल क्लिक केलं की तो समोरच असतो, तरी कुणी बघत नाही. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच (विंडोजला ते उपकरण चालवू देणारा प्रोग्रॅम) नाही. कोड १० म्हणजे उपकरण सुरू होत नाही. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही विंडोजला पडताळता येत नाही. नुसतं ‘अननोन डिव्हाइस’ दिसत असेल तर डिटेल्समध्ये जाऊन हार्डवेअर आयडी पाहायचा: ‘व्हीईएन’पुढची चार अक्षरं कंपनी सांगतात (८०८६ इंटेल, १०डीई एनव्हिडिया, १००२ एएमडी, १०ईसी रिअलटेक), ‘डीईव्ही’पुढची चार नेमकं उपकरण. एवढं कळल्यावर फुकट ‘ड्रायव्हर अपडेटर’ची गरजच उरत नाही, आणि ते बरंच आहे, कारण त्यातले कितीतरी स्वतःच डोकेदुखी असतात.

मग ‘रोल बॅक ड्रायव्हर’, म्हणजे मागच्या ड्रायव्हरवर परत जाणं. हे बटण फिकट दिसलं तर मागचा ड्रायव्हर शिल्लक नाही, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हरही काढून टाकण्याच्या चौकटीत खूण करायची. ही खूण राहिली की विंडोज आपल्या साठ्यातला तोच बिघडलेला ड्रायव्हर रीस्टार्टनंतर पुन्हा लावतं, आणि ‘तीनदा काढला तरी तेच’ असं म्हणत माणूस वैतागतो. खूण करण्याआधी नवा ड्रायव्हर उतरवून ठेवायचा, विशेषतः नेटवर्कचा. तो निघाला की इंटरनेटही गेलं. तुमची मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग करण्याची, म्हणजे मोबाइलचं इंटरनेट संगणकाला देण्याची युक्ती इथेच कामाला येते. सगळेच ड्रायव्हर टाकायचे असतील तर आधी चिपसेट (मदरबोर्डवरच्या मुख्य चिप्स), मग नेटवर्क, नंतर ग्राफिक्स आणि आवाज.

एवढं करूनही जमलं नाही तरच सिस्टम रिस्टोर, म्हणजे विंडोजला आधी जपून ठेवलेल्या स्थितीवर (रिस्टोर पॉइंटवर) परत नेणं, हा तुमचा क्रम आम्हाला फार पटला. रन खिडकीत ‘आरएसटीआरयूआय’ लिहायचं, बिघाडाच्या आधीची तारीख निवडायची आणि पुढे जाण्याआधी ‘स्कॅन फॉर अफेक्टेड प्रोग्रॅम्स’ दाबायचं. त्या तारखेनंतर टाकलेले कोणते प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर जाणार, ते तिथेच कळतं. आपली कागदपत्रं, फोटो यांना हात लागत नाही. मात्र डिलीट झालेली फाइलही त्याने परत येत नाही. तुम्ही हे सौम्यपणे सांगितलंत, आम्ही ठणकावून सांगतो: रिस्टोर पॉइंट म्हणजे बॅकअप नव्हे.

सेफ मोडमधून (अगदी मोजक्या ड्रायव्हरांवर विंडोज चालवण्याची पद्धत) केलेलं रिस्टोर नंतर उलटवता येत नाही, तेव्हा विंडोज चालू असेल तर तिथूनच करावं. विंडोज सुरूच होत नसेल तर लागोपाठ काही वेळा सुरू होणं फसल्यावर रिकव्हरीचा पडदा आपोआप येतो. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) असेल तर तिथे ४८ अंकी की मागितली जाते. ती आधीच कागदावर उतरवून ठेवायला सांगितलंत, त्याबद्दल तर दुप्पट आभार.

आणि शेवटची पायरी, जी सगळे विसरतात. बऱ्याच संगणकांवर सिस्टम प्रोटेक्शन, म्हणजे रिस्टोर पॉइंट बनवणारी सोय, बंदच असतं. ते सी ड्राइव्हसाठी चालू करून, सगळं सुरळीत असतानाच एक पॉइंट हाताने बनवायचा. पॉइंट कायम टिकत नाहीत, जागा भरली की जुने पुसले जातात. म्हणून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पीएनपीयूटिल’ या विंडोजच्याच ड्रायव्हर सांभाळणाऱ्या साधनाच्या एक्स्पोर्ट आज्ञेने बाहेरून टाकलेले सगळे ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर काढून ठेवायचे. फोल्डर आधी बनवलेला हवा, नाहीतर आज्ञा चालत नाही. तुमच्या चिठ्ठीत ही ओळ अधोरेखित होती. आता आमच्याकडच्या प्रत्येक यंत्राचा असा फोल्डर तयार आहे.

आपले आभारी,
संगणक विभागातील सर्वजण