हलव्यात तूप नको

प्रिय मंजू,

शेजारच्या बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू कुटुंबाला रोश हशानाला, म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाला, घरी केलेला गव्हाच्या चिकाचा हलवा द्यायचा तुझा बेत छान आहे. फक्त यादीतलं साजूक तूप आणि म्हशीचं दूध आधी काढून टाक.

त्याचं कारण तोरात, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथात आहे. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, अशी आज्ञा तिथे तीनदा येते: त्यातल्या ‘निर्गम’ या पुस्तकात दोनदा, ‘अनुवाद’ या पुस्तकात एकदा. त्यावरूनच मांस आणि दूध एका जेवणात घ्यायचं नाही, हा नियम झाला. सणाच्या ताटात मटण असतंच, मग गोड पदार्थ दुधातुपाचा कसा चालेल? कोकणात तेल गाळणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या ‘शनवार तेल्यां’ना उत्तर परसातच सापडलं: नारळ. म्हणून हा हलवा नारळाच्या दुधातच होतो, आणि दूध-तुपाच्या हलव्यापेक्षा मला तो जास्त आवडतो.

चीक कुरडयांसाठी काढतो तसाच. गहू तीन दिवस भिजव आणि पाणी रोज बदल. एक दिवस जरी चुकलीस तरी आंबूस वास येतो, तो साखरेनेही लपत नाही. मग वाटून, गाळून रात्रभर ठेव. सकाळी वरचं पाणी हलक्या हाताने ओत, तळाला बसतो तो चीक.

एक वाटी घट्ट चिकाला दोन वाट्या साखर आणि दोन मोठ्या नारळांचं साधारण पाच वाट्या दूध घे. चिमूटभर मीठ घाल. हे सगळं गार असतानाच गुठळी न राहता कालव आणि मगच गॅसवर ठेव. गरम दुधात चीक ओतलास तर गाठी होतात, त्या फुटत नाहीत. दहा ग्रॅम चायना ग्रास (अगर-अगर) वेगळ्या पाण्यात भिजवून, उकळून, विरघळल्यावर गाळून यात घाल. जिलेटिन अजिबात नको, ते प्राण्याच्या हाडाकातड्याचं असतं. जाड बुडाचं पातेलं, मंद आच, आणि सतत ढवळणं. तासभर तरी लागतो, कधी दीड तास. गोळा कडा सोडायला लागला आणि नारळाचं तेल बाजूने सुटू लागलं की झालं. त्याआधी उतरवलास तर वड्या पडत नाहीत आणि कच्च्या पिठाची चव राहते. शेवटी वेलची, जायफळ आणि थोडा गुलाबी रंग. ताटात ओतून वर बदाम-पिस्त्याचे काप दाब, पूर्ण गार झाल्यावरच काप.

एक आधी विचारून घे: दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातलं ते घेतात का. काही घरं घेतात, काही नाही, त्यात वाईट वाटून घेऊ नकोस. पातेलं आणि उलथणं मात्र नवं काढ.

आता वेळ. रोश हशाना म्हणजे तिश्री या ज्यू महिन्याची पहिली तारीख, ती सप्टेंबर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला येते आणि सण आदल्या संध्याकाळी सूर्य मावळताच लागतो. तेव्हा ताट उन्हं असतानाच पोहोचव. गंमत म्हणजे तोरातल्या ‘लेवीय’ पुस्तकाच्या २३व्या अध्यायात ‘नवं वर्ष’ हा शब्दच नाही. सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी विसावा आणि शिंगाचा नाद, एवढंच आहे. सातवा महिना म्हणजे तिश्री; पहिला महिना तर निसान, वल्हांडण या त्यांच्या वसंतातल्या सणाचा.

जुनी मराठी नावंही सांगून ठेवते. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण. दहाव्या दिवशीचा योम किप्पुर म्हणजे दरफळणीचा सण: घराची दारं लावून दिवस उपासात काढायचा. संध्याकाळ ते दुसरी संध्याकाळ, साधारण पंचवीस तास पाणीसुद्धा नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण, भेटीगाठी आणि दानधर्माचा. म्हणजे तुला पुन्हा ताट न्यायचं झालं तर शिळ्या सणाला ने. दरफळणीला बेलही वाजवू नकोस.

नारळाचा पदार्थ आहे, तेव्हा उरलेल्या वड्या दमट हवेत दिवसभरच बाहेर ठेव, नंतर फ्रिजमध्ये. आणि देताना ‘शाना तोवा’, म्हणजे ‘वर्ष चांगलं जावो’, म्हण.

तुझी,
सुधा