लग्न लावून दिलं की मुलगा 'सुधारतो' हा समज आता सोडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने कलम ३७७ बद्दल निकाल दिला, पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की दोन सज्ञान माणसांचे संमतीने असलेले समलैंगिक संबंध हा गुन्हा नाही. इंग्रजांनी १८६० मधे लिहिलेलं ते कलम होतं. पण आमच्या सांगली-मिरजेकडच्या घरात तो निकाल अजून पोचलेलाच नाही असं मला सारखं वाटतं, कारण मी बरीच वर्षं आमच्या समाजाच्या वधूवर सूचक मंडळात काम करते आणि तिथे जे बघते ते लिहिल्याशिवाय आता राहवत नाही.

मुलाचा बायोडाटा येतो. इंजिनियर, पुण्यात जॉब, स्वतःचा फ्लॅट. वर आईवडील म्हणतात पत्रिका नाही जुळली तरी चालेल, मानपान नको, मुलगी कमी शिकलेली, गरीबाघरची असली तरी चालेल. इतकं सगळं 'चालेल' असलं की मी हल्ली विचारते, मुलाला स्वतःला लग्न करायचंय का? वडील काही न बोलता उठून बाहेर चपला घालायला लागतात आणि आईच्या डोळ्यात पाणी येतं. एका माऊलीने सरळच सांगितलं, ताई, तो म्हणतो मला मुलींमधे इंटरेस्ट नाही, पण डॉक्टर म्हणाले लग्न लावून टाका, बायको आली की होईल नॉर्मल.

डॉक्टर असं म्हणतात याचा मला फार संताप येतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मधेच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, आणि आपल्या नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मधे असल्या 'नॉर्मल' करायच्या उपचारांना म्हणजे कन्व्हर्जन थेरपीला डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. जो आजारच नाही त्यावर गोळ्या कसल्या देता आणि त्यावर औषध म्हणून कुणाची तरी लेक कशी काय आणता?

त्या मुलीचा तर कुणी विचारच करत नाही. नवरा जवळ येत नाही तर तिला वाटतं माझ्यातच काहीतरी कमी आहे, सासू म्हणते जरा नटूनथटून राहा, माहेरचे म्हणतात वर्षभर कळ काढ, एक मूल झालं की लागेल मार्गी. माझ्या ओळखीतली एक अशीच परत आली, लग्नाचं कर्ज वडील अजून फेडतायत, आणि गल्लीत बोलणं काय तर हिलाच नवरा सांभाळता आला नाही. त्या मुलाचंही काही बरं चाललेलं नाही, तोही आतल्या आत कुढतोय.

आईवडील वाईट असतात असं मी मुळीच म्हणणार नाही. त्यांना भीती असते, भावकी काय म्हणेल, धाकटीचं कसं जमेल, आमच्यामागे याला कोण. हा शेवटचा प्रश्न खरा आहे, कारण ऑक्टोबर २०२३ मधे सुप्रीम कोर्टाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. तरी निदान जोडीदाराबरोबर बँकेत जॉइंट अकाउंट काढता येतं, त्याला नॉमिनी करता येतं, हे अर्थ मंत्रालयाने २०२४ मधे स्पष्ट केलंय आणि ते कुणी घरोघरी सांगत नाही.

मनातला पूर्वग्रह जातो कसा याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण मद्रास हायकोर्टाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांचं आहे. २०२१ मधे दोन मुलींची केस त्यांच्यापुढे होती, मदुराईतलं घर सोडून चेन्नईला एकत्र राहायला आलेल्या. आपल्याला हा विषय पुरता समजलेला नाही असं त्यांनी आदेशातच लिहिलं, स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन बसले, समजून घेतलं आणि मग निकाल दिला. हायकोर्टाचा जज जर असं करतो तर आपल्याला कसला कमीपणा?

माझं सगळ्या मंडळांना कळकळीचं सांगणं आहे की नाव नोंदवून घ्यायच्या आधी मुलाशी आणि मुलीशीही एकट्याने बोला, आईवडिलांना बाहेर बसवा आणि तो किंवा ती नको म्हणाली तर फॉर्म परत द्या. आणि संपादकसाहेब, आपल्या आरोग्य पुरवणीत यावर एखाद्या चांगल्या मानसोपचारतज्ज्ञाचा लेख छापा, मी त्याच्या झेरॉक्स काढून मंडळात ठेवीन.

आपली,
एक वाचक, सांगली