मोतीच्या पुढच्या डोसाबद्दल

प्रिय मिलिंद,

तुझं पत्र काल रात्री वाचलं आणि झोपच लागेना. लस टोचून आणल्यापासून मोती कोपऱ्यात पडून आहे, खाण्याला तोंड लावत नाही, मांडीला हात लागला की कण्हतो, म्हणून पुढचा डोस द्यायचाच नाही, असं तू लिहिलंस. तुझ्या जिवाची घालमेल कळते मला. पण ते शेवटचं वाक्य मागे घे, एवढं सांगायलाच लिहितोय.

मोतीला झालंय ते पुष्कळ पिल्लांना थोडंफार होतं. लसीमुळे शरीर रोगाशी लढायची तयारी करतं, तेव्हा अंगात कणकण येते, ग्लानी येते, सुईची जागा ठणकते. काही तासांत सुरू होतं, एक-दोन दिवसांत ओसरतं. त्या जागी छोटी गाठ लागली तर चोळू नकोस, सहसा काही आठवड्यांत विरते. ती वाढत गेली किंवा दोन दिवसांनीही मोती असाच मलूल राहिला, तर मात्र दाखव. आणि कळवळून सांगतो, ताप उतरावा म्हणून घरातली गोळी देऊ नकोस. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन आपल्याला चालतात, कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात.

खरं संकट वेगळं दिसतं. चिंगीच्या वेळी मी ते पाहिलं, तुला कधी सांगितलं नव्हतं. लस टोचून घरी आलो आणि अर्ध्या तासात ती पंज्याने तोंड खाजवायला लागली. वाटलं, काही चावलं असेल. बघता बघता डोळे सुजले, ओठ जाड झाले, पोटावर गांधी उठल्या. मग दोनदा ओकली. तशीच उचलून पळत दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी आधी ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. गुलाबी होत्या. हिरड्या पांढुरक्या पडल्या, कुत्रं कोसळलं, तर हाताशी मिनिटंच असतात, असं ते म्हणाले. कुत्र्यात तीव्र ॲलर्जी बऱ्याचदा उलट्या-जुलाबांनीच सुरू होते, म्हणून लसीनंतर लगेच झालेली उलटी अपचन समजून सोडायची नाही. इंजेक्शन दिलं, रात्रीपर्यंत सूज उतरली.

तेव्हा मीही ठरवलं होतं, आता लस बस्स. मग वाचत गेलो. अमेरिकेत १२ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदींवरचा एक अभ्यास २००५ साली आला. लसीनंतर तीन दिवसांत त्रासाची नोंद दर १०,००० कुत्र्यांमागे साधारण ३८. लहान चणीच्या कुत्र्यांना धोका जास्त, आणि एका खेपेला जितक्या लसी अधिक तितका तो वाढतो. चिंगी सहा किलोची, आणि त्या दिवशी तिला एकदम तीन लसी दिल्या होत्या! पुढच्या वेळी डॉक्टरांनी त्या काही आठवड्यांच्या अंतराने दिल्या, आधी ॲलर्जीचं औषध दिलं, आणि आम्ही अर्धा तास तिथल्याच बाकावर बसून राहिलो. काही झालं नाही.

मिलिंद, आपलं ते काळं पिल्लू आठवतं? शाळेतून आल्यावर दप्तर फेकून आपण त्याच्याकडे धावायचो. रक्ताचे जुलाब, पाणीही पोटात ठरेना, तिसऱ्या दिवशी गेलं. तो पार्व्हो, म्हणजे कुत्र्यांना होणारा विषाणूचा जीवघेणा आजार होता, हे मला फार उशिरा कळलं. त्याला एकही सुई टोचलेली नव्हती.

मोतीचं आता अर्ध्यावर सोडू नकोस. आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण लसीला आडवं येतं, आणि ते नेमकं कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून तर निदान १६ आठवड्यांचं होईपर्यंत पुन्हा पुन्हा डोस देतात. एकदा ते झालं की मोठेपणी पार्व्हो आणि डिस्टेंपर (हाही कुत्र्यांचा विषाणूचा रोग) यांची लस दरवर्षी लागतेच असं नाही, तीन वर्षांचं अंतर चालतं. रेबीजबद्दल तर बोलायलाच नको, लक्षणं दिसल्यावर त्यातून जवळजवळ कुणी वाचत नाही.

या वेळी काय काय झालं, किती वाजता, हे कागदावर लिहून ठेव. लसीच्या बाटलीवरचा बॅच नंबर त्याच्या कार्डावर असेल, तोही बघ. सगळं डॉक्टरांना दाखव. सकाळची वेळ घे, म्हणजे दिवसभर त्याच्यावर नजर राहील.

तारीख ठरली की कळव. मी येतो, बाकावर दोघं बसू.

तुझा,
अविनाश