धुऱ्यावर मारवेल

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, तणनाशक मारायचा विचार सोड. ढोरांना नुसत्या सोयाबीनच्या कुटारावर ठेवू नको, धुऱ्यावर मारवेल गवत लाव.

आधी मारवेल नीट ओळख. त्याच्या प्रत्येक पेऱ्याभोवती पांढऱ्या केसांचं कडं असतं, आणि तुरा हाताच्या बोटांसारखा फाकलेला, जांभळट. कुसळी हे दुसरं गवत, त्याचा तुरा एकेरी, त्याची काळसर कुसळं एकमेकांत पीळ घेतात आणि ढोरांच्या तोंडात रुततात. कुसळी कापायचीच असेल तर कुसळ धरायच्या आत.

बियाण्याच्या भरवशावर राहू नको. मारवेलचं बी हलकं, केसाळ, त्यात बरंचसं पोचट. जे उगवतं ते तणाखाली दबतं. मुळासकट फुटवेच लाव. 200 फूट धुऱ्याला दोन ओळी, फुटाफुटावर एक जागा, म्हणजे 400 जागा. जागी दोन फुटवे धरले तर 800. एका मोठ्या ठोंबातून वीसेक निघतात, तेव्हा चाळीस ठोंबं पुरतील. ठोंब खणताना मुळ्यांत कुंद्याचे, त्या चिवट तणाचे, पांढरे जाड कोंब आहेत का, हे बोटांनी चाचपून बघ. एक कोंब जरी आला तरी कुंदा वावरात शिरेल, मग काढता काढता जीव जाईल.

मृगाचा चांगला पाऊस होऊन ओल खोल गेली की ढगाळ दिवशी लावणी कर. शेंडे वीतभर ठेवून छाट, फुटवे ओल्या पोत्यात गुंडाळून ने. फुटव्याचा बुडखा मातीच्या बरोबरीला ठेव. खोल गेला तर आपल्या काळ्या मातीत पाणी साचून सडतो, वर राहिला तर उघाडीत वाळतो. टाचेनं माती घट्ट दाब, पोकळी राहिली की मूळ धरत नाही. मेलेल्या जागा तीन आठवड्यांत भरून घे.

पहिल्या वर्षी ढोरं अजिबात सोडू नको, ओढून मुळासकट उपटतात. एकदोनदा खुरपून घे.

तुरा दिसू लागला की कापणी. उशीर केलास तर नुसती काडी होते, ढोरं पानं खाऊन काड्या टाकतात. बुडाशी चार बोटं ठेवून काप, त्यातूनच नवे फुटवे येतात. वाळवताना दुसऱ्या दिवशी पालटून टाक. काडी पिळून ओल लागली तर गंजी लावू नको, आतून तापून बुरशी धरते.

विळ्याला धार लावून ठेव.

तुझी आई