जुन्या शाळेच्या छपरासाठी आणि गावाच्या इतिहासाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

रिजायना, सास्काटून, कॅलगरी, विनिपेग, जिथे कुठे आपली मराठी माणसं आहेत त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय, आमच्या गावाच्या म्युझियम कमिटीच्या वतीने. गाव कॅनडातल्या सास्काचेवान प्रांताच्या दक्षिणेकडचं, अगदी छोटं. एक को-ऑप, एक पोस्ट, एक कर्लिंग रिंक (बर्फावर दगड सरकवायचा खेळ), दोन चर्च आणि चहूबाजूंनी शेतं. कमिटीत बहुतेक सगळे सत्तरीच्या पुढचे आहेत, त्यांच्या सोबतीला आता मी आणि माझा नवरा. म्युझियम म्हणजे एका खोलीची लाकडी शाळा आहे, पूर्वी गावाबाहेर शेतात होती, बंद पडल्यावर लोकांनी ती उचलून ट्रेलरवर घालून गावात आणली आणि जपली.

त्या शाळेच्या छपराची उत्तरेकडची बाजू गेलीये. सीडरच्या शिंगल्स, म्हणजे छपराच्या लाकडी फळ्या, कुजल्यात, वसंतात बर्फ वितळायला लागला की पाणी थेट आत येतं, आणि ज्या कपाटावर ते गळतं त्याच कपाटात गावाचे सगळे कागद आहेत. कपाट हलवलंय, वर ताडपत्री टाकलीये, पण गावातल्या सुताराने स्पष्ट सांगितलंय की आतली लाकडंही आता ओल धरायला लागलीत, अजून एक हिवाळा काढणं कठीण आहे. म्हणून या उन्हाळ्यातच काम करायचं ठरवलंय.

आत काय आहे ते सांगते, कारण बाहेरून बघितलं तर पांढरा रंग उडालेली एक खोली दिसते, बस. आत शाळेची हजेरीपुस्तकं आहेत. १९३० च्या दशकातलं एक उघडलं तर मास्तरणीने शाईने प्रत्येक गैरहजर मुलापुढे कारण लिहिलंय: पेरणी, कापणी, गाय व्यायली, धुळीचं वादळ, आणि एका मुलीच्या नावापुढे ओळीने कितीतरी दिवस एकच कारण, 'बूट नाहीत'. मी ते पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा नंतर बराच वेळ काही बोलताच आलं नाही. ज्यांच्या घरी बूट नव्हते त्या घरातली नातवंडं आज आमच्या शेजारी राहतात. एक पायपेटीही आहे, आपल्या जुन्या नाटक कंपन्यांत असायची ना तश्शीच, पायाने भाता मारायचा आणि वर वाजवायचं, कोणीतरी रेल्वेच्या डब्यातून ओंटारियोहून आणलेली. आणि फोटो, खोकीच्या खोकी, मागे पेन्सिलने नावं लिहिलेले आणि बरेच नावं न लिहिलेले.

आता थोडं गावाबद्दल. इथे लोक आले ते १८७२ च्या डोमिनियन लँड्स अॅक्टमुळे, १० डॉलर फी भरा आणि १६० एकर घ्या, अट अशी की तिथे राहायचं, घर बांधायचं आणि तीन वर्षांत ठरलेली जमीन नांगराखाली आणायची. बायकांना मात्र हे अर्ज करायची जवळजवळ मुभाच नव्हती, विधवा किंवा कुटुंबाची एकटी पोशिंदी असेल तरच. लाकूड फारसं मिळत नव्हतं, म्हणून पहिली घरं गवताच्या मुळांनी घट्ट विणलेली माती विटांसारखी कापून, रचून बांधली. १९०१ साली आजच्या सास्काचेवानच्या जागेत सुमारे ९१ हजार माणसं होती, १९११ ला ४ लाख ९२ हजार. दहा वर्षांत! मधेच १९०५ ला हा प्रांत झाला. युक्रेनियन, जर्मन, नॉर्वेजियन, स्कॉटिश, सगळे आपापल्या भाषेतली बायबलं आणि बियाणं घेऊन आले, आणि बऱ्याच जणांना पहिल्या वर्षी इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता.

पण त्या आधी ही जमीन रिकामी नव्हती, हे आमच्या कमिटीला आता ठळक लिहायचंय. क्री, सॉल्टो आणि नाकोडा या मूळनिवासी लोकांशी १८७४ मध्ये क्वॅपेलच्या तळ्यांकाठी तह झाला, ट्रीटी फोर, आमचं गाव त्याच जमिनीवर आहे. बायसनचे कळप संपले होते आणि नव्याने आलेल्या कितीतरी घरांनी पहिली कमाई काय केली, तर माळावर पडलेली बायसनची हाडं गोळा करून गाड्या भरून विकली. खतासाठी आणि साखर कारखान्यांसाठी ती पूर्वेला जायची. हे आमच्या गावाच्या इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत येतं आणि पुढे लगेच पहिल्या नांगरणीची गोष्ट सुरू होते.

त्या पुस्तकाबद्दल सांगायलाच हवं. १९८० साली प्रांताला ७५ वर्षं झाली तेव्हा इथल्या शेकडो गावांनी आपापली इतिहासाची जाडजूड पुस्तकं काढली. प्रत्येक कुटुंबाने आपलं पान स्वतः लिहून दिलं, कुठून आलो, किती मुलं, कुठल्या वर्षी गारपीट, कोण युद्धावर गेलं आणि परत आलं नाही. इतिहासाचे प्राध्यापक असं लिहिणार नाहीत आणि मला तेच त्यात आवडतं. त्यात 'बेनेट बग्गी' आहे, म्हणजे मंदीत पेट्रोलला पैसे नव्हते तेव्हा मोटारीचं इंजिन काढून तिला घोडे जुंपायचे आणि नाव दिलं कॅनडाच्या तेव्हाच्या पंतप्रधान बेनेटचं. दुष्काळात पूर्वेकडच्या लोकांनी मदत म्हणून रेल्वेने खारवलेला कॉड मासा पाठवला आणि इथल्या कित्येक बायकांना त्याचं करायचं काय तेच कळेना. आमच्या कोकणातल्या एखाद्या आजीने तो रात्रभर भिजवून सकाळी कालवण केलं असतं, पण इथे कुणाला विचारणार?

पुस्तक १९८० ला थांबतं. नंतरचं सगळं बाहेरच राहिलं. १८९७ पासून धान्याच्या रेल्वे भाड्याला जी सवलत होती ती १९९५ ला पूर्ण गेली, छोट्या रेल्वे लाइन उखडल्या, आणि दर आठ-दहा मैलांवर असणारी लाकडी धान्य-एलिव्हेटर, म्हणजे रेल्वेलगतची धान्याची उंच कोठारं, पाडली गेली. या प्रांतात एके काळी ती ३,००० च्या वर होती. आमच्या गावचं पाडलं तेव्हा लोक रस्त्याच्या कडेला गाड्या लावून उभे होते, असं सांगतात. फ्लेमिंग गावातलं तर १८९५ चं होतं, इतकी वर्षं टिकलं आणि २०१० मध्ये आगीत गेलं. अशा लाकडी गोष्टी एकदा गेल्या की गेल्याच.

आणि १९८० नंतर आपण आलो. हे नीट लक्षात घ्या कारण याच्यासाठीच मराठीत लिहितेय. आपला आणि या मातीचा संबंध आपण इथे यायच्या आधीपासून आहे. १९७२ मध्ये सास्काटूनच्या युनिव्हर्सिटीत अल स्लिंकार्ड नावाचे शास्त्रज्ञ आले, त्यांनी मसुरीवर काम सुरू केलं, १९७८ ला लेअर्ड नावाचं वाण आलं, आणि मुख्यतः गहू पिकवणारे शेतकरी मसूर आणि वाटाणा लावायला लागले. आज कॅनडातली बहुतेक सगळी मसूर याच प्रांतातून येते. पुण्या-मुंबईत आपण खाल्लेल्या रगड्यातला वाटाणा कित्येकदा इथलाच होता, आणि भारताने २०१७ च्या नोव्हेंबरात वाटाण्यावर ५० टक्के ड्युटी लावली तेव्हा त्याची चर्चा आमच्या को-ऑपच्या कॉफीच्या टेबलावर झाली. माझा नवरा याच डाळींच्या धंद्यात नोकरीला आहे. गावात आता फिलिपिनो नर्सेस आहेत, एक गुजराती कुटुंब मोटेल चालवतं, केरळचे दोघं केअर होममध्ये (वृद्धाश्रमात) कामाला आहेत. पुस्तकाच्या दुसऱ्या भागात या सगळ्यांची पानं यावीत असं कमिटीतल्या म्हाताऱ्या मंडळींनीच सुचवलं, आम्ही मागितलं नव्हतं. सुरुवातीचं प्रकरण शेजारच्या रिझर्व्हवरच्या, म्हणजे मूळनिवासींच्या राखीव जमिनीवरच्या, वडीलधाऱ्यांनी त्यांना हवं तसं सांगायचं, त्यांच्याशी बोलणं चालू आहे.

काही जणांनी मला सरळ विचारलं की आपल्या गावाकडच्या शाळा पडायला आल्यात, इथे कशाला पैसे द्यायचे? प्रश्न बरोबर आहे, तिकडे पाठवता ते बंद करू नकाच. पण आमची पहिली थंडी आली तेव्हा ब्लॉक हीटर (थंडीत गाडीचं इंजिन विजेवर गरम ठेवणारं उपकरण) हा शब्दही आम्ही ऐकला नव्हता, शेजारचे आजोबा उणे पस्तीसमध्ये स्वतः वायर घेऊन आले, गाडीला लावून दिली आणि रोज रात्री खिडकीतून बघायचे की आम्ही प्लग लावला की नाही. माझी मुलं इथल्या स्कूलबसने जातात, इथे कर्लिंग शिकतात. हे गाव त्यांचं आहे. मग त्याचं छप्परही आपलंच काम आहे, असं मला मनापासून वाटतं.

मदत कशी करता येईल ते सांगते. पैसे कितीही चालतील, वीस डॉलर दिलेत तरी एक गठ्ठा शिंगल्सच्या दिशेने जातात. चेक गावाच्या ऑफिसच्या नावाने द्यायचा, टॅक्ससाठी रिसीट तिथूनच मिळते, ई-ट्रान्सफर करायची असेल तर आपल्या ग्रुपवर मला मेसेज टाका, डिटेल्स पाठवते. शरदातल्या फाउल सपरचे, म्हणजे टर्की-कोंबडीच्या गावजेवणाचे, पैसे कमिटीने आधीच बाजूला ठेवलेत, त्यात लाकूड बसेल, शिंगल्स आणि मजुरी बसत नाही.

पैसे नसतील तर हात द्या. जुलैमध्ये एक वीकेंड वर्क बी, म्हणजे सगळ्यांनी मिळून श्रमदान, ठेवतोय, ऑगस्टमध्ये कापणी सुरू झाली की इथला एकही माणूस मिळणार नाही. छपरावर जाणकार लोकच चढतील, बाकीच्यांना खाली जुन्या शिंगल्स उचलणं, खिळे वेचणं, आतली कपाटं हलवणं असं काम आहे. आयटीवाल्यांची तर फारच गरज आहे, फोटो आणि हजेरीपुस्तकं स्कॅन करायची आहेत, नावांची यादी करायची आहे, हे घरी बसूनही जमेल. स्कॅनर आणि दोन-चार चांगल्या हार्ड ड्राइव्ह कोणाकडे पडून असतील तर द्या. आणि केअर होममधल्या नव्वदीच्या लोकांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या आहेत, त्याला मात्र थांबून चालणार नाही, ज्याला शांतपणे ऐकून घेता येतं असं कोणीही चालेल.

प्रेअरीवरच्या एखाद्या छोट्या गावात तुम्ही राहिला असाल, वर्षभर का होईना, तर आपलं पान लिहून पाठवा. मराठीत लिहिलंत तरी घेणार आहोत, सोबत इंग्रजी मी करून देईन.

वीकेंडला जेवण कमिटीकडे आहे, व्हेज किती ते आधी कळवा. राहायची सोय आमच्याकडे आणि चर्चच्या हॉलमध्ये होईल, स्लीपिंग बॅग, जाड बूट आणि कामाचे हातमोजे स्वतःचे आणा, डासांचं औषध विसरू नका. येणाऱ्यांनी जूनच्या शेवटापर्यंत नाव द्या म्हणजे शिंगल्सची ऑर्डर आणि माणसं यांचा मेळ घालता येईल.